ज्याचं नाव त्याच्या तोंडी

तेरेकबुलाकच्या वाचनालयाला भिंतीतल्या खिडक्या तीन होत्या. पण गावात कुणी नुसतं ‘खिडकी’ म्हटलं की डोळ्यांपुढे यायचा तो जिपारच्या टेबलावरचा संगणक. मागच्या शरदात ग्रामपरिषदेनं तो तिथे आणून बसवला आणि वाचनालयाशी करार केला, की परिषदेची कामं आता इथेच व्हायची. पेन्शनचा दाखला, डॉक्टरची वेळ, कुरणाचा परवाना, नोवोसिबिर्स्कला गेलेल्या पोराचं तोंड बघणं, सगळं त्या एका काचेतून. त्याआधी वाचनालयात फिरकायचं कोण? शाळेची चार मुलं, नाहीतर वारा. आता जिपार शेगडी पेटवेपर्यंत दारात बाया उभ्या असायच्या. कुणाच्या ओच्यात तळलेले बोरसोक, कुणाच्या कडेवर नातवंड. काम झालं तरी कुणी उठायचं नाही. ऊब होती, चहा होता आणि ऐकायला जिपार होती.

जिपार या गावची सून. नवरा उलारबेक दूर शहरात बांधकामावर. घरी सासूबाई कालिपा आणि सासरे. सासऱ्यांशी तिचं बोलणं फारसं व्हायचं नाही. सुनेनं सासऱ्यांपुढे डोळे खाली ठेवायचे, आवाज त्याहून खाली. त्यांना काही सांगायचं असलं की ते सासूबाईंना सांगत, मग ती तिथेच समोर बसलेली का असेना.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा ते एकदा चहा पिता पिता म्हणाले, “तिला सांग, यंदा त्या पुस्तकांना कुलूप लावून वर जायलूच्या उन्हाळी कुरणावर यायचं. दुभत्या घोड्यांची धार काढायला हात कमी पडतात.”

“ऐकलंस ना गं?” कालिपा म्हणाली.

“ऐकलं आपा,” जिपार म्हणाली आणि पेल्यात चहा ओतत राहिली. अर्धाच. पेला अर्धा भरला की त्याचा अर्थ बसा, अजून घ्या, तुम्ही हवे आहात. काठोकाठ भरला तर पाहुण्यानं समजून घोड्यावर मांड ठोकायची.

तिला मात्र ते कुलूप लागू द्यायचं नव्हतं. परिषदेची अट एकच होती. गावातल्या घराघराची नोंद संगणकावर चढवायची, कुरणावर कुटुंबं निघायच्या आत, बिनचूक. ते जमलं तर खिडकी कायमची इथे, वाचनालय बारमाही उघडं आणि जिपारची नोकरी पक्की. मग सासरेही सरकारी कामाला नाही म्हणायचे नाहीत. नाही जमलं तर खिडकी घाटापलीकडच्या गावाला, आणि इथल्या दाराला पुन्हा कुलूप.

म्हणून ती झटून कामाला लागली. पुरुषमाणसं तेव्हा मेंढ्या व्यायच्या गडबडीत, गोठ्यांतून हलत नव्हती. परिषदेचा प्रमुख सुयुनबेक म्हणाला होता, “घरचं कुणीही आलं तरी चालेल, वहिनी.” मग बायाच आल्या. आणि बाया आल्या म्हणजे नवऱ्याचं, सासऱ्याचं, मोठ्या दिरांचं नाव कोण घेणार? या गावात ती नावं सुनांच्या जिभेवर चढत नाहीत. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सून घरातल्या थोरांना आपापली नावं ठेवते, आदराची, आडवळणाची, आणि जन्मभर तीच चालवते. बाया ओळखपत्रं घेऊन आल्या, तेही नावावर अंगठा ठेवून. जिपारनं खालचे आकडे उतरवून घेतले आणि नावाच्या रकान्यात त्या जे सांगतील ते घातलं. ‘तांबड्या घोड्याचे’. ‘खोकून येणारे’. ‘मोठं दार’. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळं गाव एका कुळाचं. तिथला प्रत्येक म्हातारा तिचा कुणी ना कुणी सासरा लागायचा. जे जिभेला वर्ज्य ते बोटांना कसं चालावं? आकड्यावरून यंत्राला माणूस कळेलच, अशी तिची समजूत.

यंत्राला कळला नाही.

सुयुनबेक धापा टाकत वाचनालयात आला तेव्हा शेगडीभोवती बाया लोकर पिंजत बसल्या होत्या. तो जिपारच्या नवऱ्याहून धाकटा, त्यामुळे त्याचं नाव घ्यायला आणि त्याची थट्टा करायला तिला मोकळीक होती.

“वहिनी, जिल्ह्याच्या बाईंचा फोन होता,” तो म्हणाला. “विचारत होत्या, तुमच्या गावात माणसं राहतात की कोडी?”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळं परत आलंय. आकडा एकाचा आणि नाव भलत्याचंच. सत्तेचाळीस सालच्या माणसाचं नाव ‘खोकून येणारे’. अहो, मी ते न वाचताच पाठवलं.”

“न वाचता सही करायची सवय तुमच्या शाळेपासूनची, सुयुनबेक भाऊजी.”

“हसा. बाई म्हणाल्या, आता घरचं कुणीही चालणार नाही. ज्याचं नाव त्यानंच यायचं, खिडकीपुढे बसायचं, तोंडानं सांगायचं. येत्या शुक्रवारी नोंद बंद होणार. एक घर जरी राहिलं तरी गाव अपुरं.”

लोकर पिंजायच्या काठ्या थांबल्या. म्हातारे वाचनालयात? हे म्हणजे डोंगरानं ओढ्यावर पाणी प्यायला यायचं.

त्याच संध्याकाळी सुयुनबेकनं शाळेच्या अंगणात गाव जमवलं. म्हाताऱ्यांना नुसतं ‘या’ म्हणून ते येणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं परत आलेली यादीच मोठ्यानं वाचायला घेतली.

“मोठं दार,” त्यानं वाचलं. “कोण आहे?”

कुणी हललं नाही. मग मागून एका आजीनं रुमालाचा पदर तोंडाला लावला, आणि शेजारच्या लठ्ठ म्हाताऱ्याकडे सगळ्यांनी पाहिलं.

“मी दार?” मुकाश म्हातारा म्हणाला.

“तुम्ही दारात उभे राहिलात की उजेड येत नाही,” त्याची बायको म्हणाली. “पण थंडीही येत नाही.”

अंगण हसलं. पुढचं घर तर अजबच निघालं. तिथे सासू एकदा येऊन गेली होती आणि सून दुसऱ्यांदा. दोघींनी एकाच म्हाताऱ्याला वेगवेगळी नावं दिली, त्यामुळे सरकारदरबारी त्या घरात दोन कर्ते पुरुष झाले होते.

“एकालाच चहा पुरत नाही,” त्या घरची सासू म्हणाली, “दुसरा कुठून आणलास गं?”

लोक पोट धरून हसत होते. जिपार मात्र भिंतीला टेकून उभी होती, कारण यादी पुढे सरकत होती आणि पुढे काय येणार ते एकटी तिलाच माहीत होतं. तिच्या घराची नोंद तिनंच केली होती. तिचे सासरे अंगणाच्या कडेला घोड्यावरच बसून होते. पायउतार व्हायची त्यांना गरज वाटली नव्हती.

“आडोसा,” सुयुनबेकनं वाचलं.

यावर कुणाला हसू आलं नाही. जिपार ज्या दिवशी लग्न होऊन आली तो दिवस काहींना आठवला असेल. घाटातून असा वारा सुटला होता की डोक्यावरचा पांढरा रुमाल राहीना. सगळे आत पळाले. हा एक उंच माणूस, तिचा सासरा, मात्र न बोलता तिच्या वाऱ्याकडच्या अंगाला येऊन उभा राहिला आणि ती उंबरा ओलांडेपर्यंत हलला नाही. त्या रात्री तिनं मनात त्यांचं नाव ठेवलं. पुढे ते रागावले, गप्प बसले, तिच्या हातच्या रोटीला नावं ठेवली, तरी तिनं ठेवलेलं नाव बदललं नाही. सुनेनं ठेवलेलं नाव कधी त्या माणसाच्या कानावर पडत नाही. तसा रिवाजच नाही.

सासऱ्यांनी घोड्याचं तोंड वळवलं आणि सावकाश, टापांचा आवाज होईल न होईल असे, निघून गेले.

“चिडले,” जिपार सासूबाईंना म्हणाली.

“चिडले की काय झालं ते मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही,” कालिपा म्हणाली. “चेहरा एकच आहे. तोच लग्नात होता.”

दुसऱ्या दिवसापासून म्हातारे यायला लागले. यादी ऐकून गावातल्या पोरांनी त्यांना त्याच नावांनी हाका मारायला सुरुवात केली होती, आणि आपलं खरं नाव सरकारात नाही म्हणजे आपण अर्धवट मेलो, असं त्यांच्या मनानं घेतलं. घोडे चिनारांना बांधले गेले. एकामागून एक पांढऱ्या उंच टोप्या दारातून वाकून आत आल्या. बायांनी जागा दिली आणि शेगडीमागून हलकेच गुणगुणायला सुरुवात केली. कालिपानंच जुळवलेलं होतं ते:

नाव धनियाचे
आभाळी ठेविले
कोणी न देखिले
माझ्याविना

“हे कुणाबद्दल चाललंय?” मुकाशनं विचारलं.

“तुमच्याबद्दल नाही. आभाळात मावणार नाही तुम्ही,” त्याची बायको म्हणाली.

मुकाश खिडकीपुढे बसला, टोपी सारखी केली आणि ताठ होऊन काचेला म्हणाला, “सलाम.”

“अता, नाव सांगा,” जिपार खाली बघत म्हणाली. गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना ती ‘अता’, म्हणजे बाबा, म्हणायची. त्यानं सांगितलं. “आता वडिलांचं.” तेही सांगितलं, आणि थांबला नाही. आजा, पणजा, खापरपणजा. सात पिढ्या पाठ नसतील त्याला या मुलखात बिनमुळाचा म्हणतात, आणि सरकारपुढे कुणाला बिनमुळाचं दिसायचं नव्हतं. मुकाश पाचव्या पिढीत शिरला तेव्हा जिपारनं हळूच सांगितलं की रकाना वडिलांपर्यंतच आहे.

“मग वडिलांचे वडील कुठे जायचे?”

“ते यंत्रात मावत नाहीत, अता.”

“यंत्र लहान आहे,” मुकाशनं निकाल दिला. “मोठं मागवा. तोवर मी सांगतो, तू ऐक.”

आणि तिनं ऐकलं. प्रत्येकाच्या सात पिढ्या ऐकल्या. त्यात एक लांडगा मारणारा होता, एक घोडाचोर होता ज्याच्याबद्दल सांगताना आवाज जरा जास्तच अभिमानाचा व्हायचा. नावं तिला घेता येत नव्हती. त्यांनी सांगायची आणि मग अक्षरांच्या बटणांवर स्वतःच्याच जाड बोटानं एकेक अक्षर हुडकून दाबायचं, अशी तोड तिनं काढली. एका नावाला अर्धा चहा लागायचा. नोंद झालेले म्हातारे घरी जायचे नाहीत. ते दुसऱ्याची नोंद बघत बसायचे, चुका काढायचे, बुद्धिबळाचा पट मांडायचे, घाटात बर्फ किती आहे ते काचेत बघून देतेस का म्हणून विचारायचे. एकानं नातवाला मॉस्कोत गाठलं आणि त्याला सगळ्यांसमोर दाढी का ठेवलीस म्हणून झापलं.

बुधवार संपला तेव्हा काचेतल्या यादीत गावातली सगळी घरं लालाची हिरवी झाली होती. एक सोडून.

“तुमचं स्वतःचं राहिलंय, वहिनी,” सुयुनबेक म्हणाला. “मी जाऊ का बोलायला?”

“तुम्ही गेलात तर ते जायलूवर आजच निघतील.”

“मग आपाला सांगा.”

“आपा म्हणते, मी सांगितलं की ते नेमकं उलट करतात.”

“मग उलट सांगायचं.”

“तेही करून झालंय. तेव्हा त्यांनी ऐकलं.”

गुरुवारही तसाच गेला. सासरे कुंपण दुरुस्त करत होते. जिपारनं दिवसातून दोनदा वाचनालयाच्या दारात येऊन वर घराकडे पाहिलं. हातोडीचा आवाज यायचा आणि थांबायचा. तिला विचारायचं होतं, पण कसं विचारणार? तिचं सगळं आयुष्य त्या माणसाला काही न विचारण्यावर उभं होतं. आणि आता तर तिनं मनातलं नाव चव्हाट्यावर आणलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती चहा ओतत होती. बाहेर घोड्यांवर लादायला तंबूच्या काठ्या बांधून ठेवलेल्या. दोन दिवसांत निघायचं. सासरे मांडी घालून बसलेले, समोर पेला. जिपारच्या डोक्यात एकच चाललं होतं: आज संध्याकाळी खिडकी बंद, उद्या सुयुनबेक तारा काढून नेणार, परवा आपण घोड्यांच्या पायाशी. गावातल्या आजीबाईंना पेन्शनसाठी आता घाट ओलांडावा लागणार. मुकाश बुद्धिबळ कुठे खेळणार? तिचं लक्षच नव्हतं.

“अगं,” कालिपा म्हणाली.

जिपारनं खाली पाहिलं. सासऱ्यांचा पेला काठोकाठ भरला होता. इतका, की चहा काठाच्या वर फुगून दिसत होता.

सुनेनं सासऱ्याला त्याच्याच घरात ‘उठा’ म्हटलं होतं. चूक सावरायला पेला मागे घ्यावा तर ते त्याहून वाईट. कालिपानं डोळे मिटले.

सासऱ्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी, एक थेंब न सांडता तो उचलला, न थांबता रिकामा केला, पालथा ठेवला. चेहऱ्यावर हात फिरवून घास संपल्याची दुवा मागितली आणि उठले. खोगीर उचललं. थोड्या वेळानं टापा ऐकू आल्या, उताराकडे जाणाऱ्या.

“आता?” जिपार रडकुंडीला आली.

“आता काय,” कालिपा म्हणाली, “तू जा कामाला. मी या वयात माहेरी जाऊ शकत नाही, एवढंच मला दिसतंय.”

वाचनालयात नेहमीचे सगळे होते. जिपार टेबलाशी बसली, काचेतल्या त्या एकाच लाल घराकडे बघत. सुयुनबेक तारा मोजल्यासारखा उगाच खोलीत फिरत होता. आणि मग दारातला उजेड अडला.

सासरे वाकून आत आले. कुणाला सलाम न करता सरळ टेबलापाशी आले, खुर्चीवर बसले. जिपार उठून उभी राहिली, मान खाली.

ते पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलले. “तू काठोकाठ भरलास. म्हणजे नीघ म्हणालीस. निघालो. कुठे जायचं ते काही सांगितलं नव्हतंस. म्हटलं, इथेच असेल.”

मुकाश खोकला. खोकला नव्हता तो, हसू होतं.

“अता, माझं लक्ष...”

“होतं. बस.”

ती बसली. त्यांनी टोपी सारखी केली, काचेकडे पाहिलं, आणि लांब डोंगरावर कळप हाकताना जसा आवाज लावतात त्या आवाजात सांगितलं, “सातिमकुल. ओमुर्झाकचा मुलगा.” मग जरा थांबून बाकीच्या पिढ्याही सांगितल्या. देरकेम्बाय, चिनिबेक, तोकोय आणि पुढचे, कारण रकाना असो नसो, त्या आल्याच.

“आता तुम्ही अक्षरं दाबा, अता,” जिपार पुटपुटली.

त्यांनी हात पुढे केला आणि अक्षरांवर बोट तरंगत राहिलं. बोट खाली येईना. तिला तेव्हा कळलं. चष्मा त्यांनी कधीच घेतला नव्हता, आणि जवळचं त्यांना दिसत नव्हतं. इतके दिवस ते का आले नव्हते, तेही तिला त्याच क्षणी कळलं. सगळ्या गावासमोर एकेक अक्षर चाचपडायचं, आणि तेही सातिमकुलनं.

आता कुणीतरी दुसऱ्यानं दाबायला हवं होतं. सुयुनबेक पुढे आला तसा त्यांनी त्याला नजरेनं थांबवलं. “घरची नोंद घरच्यानं करायची असते,” ते म्हणाले.

मग ते उठले, खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. मान वळवली नाही. नुसतं म्हणाले, “कर. मी बघत नाही.”

आधी मुकाश उठला आणि पुस्तकांच्या फळीकडे तोंड करून उभा राहिला. मग बुद्धिबळवाले दोघे. मग सगळेच. वाचनालयभर पांढऱ्या टोप्या, सगळ्या पाठमोऱ्या. बायांनीही तोंडं शेगडीकडे वळवली. सुयुनबेकनं सगळ्यांकडे पाहिलं आणि त्याला दुसरी जागा सापडली नाही म्हणून तो दाराकडे तोंड करून राहिला.

जिपारनं पहिलं अक्षर दाबलं. कुणी पाहत नव्हतं. दुसरं दाबलं. पापासारखं वाटलं नाही, बर्फातून पहिल्यांदा चालताना वाटतं तसं वाटलं, आपलीच पावलं आपल्याला उमटताना दिसतात तसं.

“ही एवढी पुस्तकं इथे कधीपासून आहेत?” फळीसमोर उभ्या मुकाशनं हळूच विचारलं.

“गप,” कुणीतरी म्हणालं. “वाचतोय मी.”

शेवटचं अक्षर. तिनं पाठवलं. काचेतलं लाल घर क्षणभर फिरत राहिलं आणि हिरवं झालं.

“झालं,” ती म्हणाली. आवाज पुरता फुटला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. टोप्या फिरल्या. सुयुनबेकनं जिल्ह्याला फोन लावला, ‘पूर्ण, पूर्ण’ म्हणाला आणि फोन ठेवून कुणाच्याही पाठीवर थापा मारत सुटला. बायांनी चहा ओतायला घेतला, बोरसोक टेबलावर पसरले.

सासरे उठले. दारापाशी जाऊन थांबले. आता इथे कालिपा नव्हती, निरोप सांगायला मधे कुणी नव्हतं. ते जरा गोंधळले. मग सुयुनबेककडे बघून म्हणाले, “तिला सांग, यंदा जायलूवर यायचं नाही. धार काढायला पुतण्यांच्या बायका आहेत.”

“वहिनी इथेच उभ्या आहेत, अता,” सुयुनबेक म्हणाला.

“मला दिसतंय. लांबचं मला दिसतं. तू सांग.”

“वहिनी, यंदा जायलूवर यायचं नाही.”

“ऐकलं,” जिपार म्हणाली. “त्यांना सांगा, इथून बाराही महिने घाटाचं हवामान कळतं. निघायच्या आधी मी विचारून ठेवते. आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेते.”

“डॉक्टर कशाला?” सासऱ्यांनी विचारलं, सुयुनबेकलाच.

“त्यांना सांगा, वेळ घेतलीसुद्धा.”

ते वाकून दाराबाहेर गेले, घोड्यावर बसले, आणि चढावर लागता लागता तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणले. ती कालिपाचीच चाल होती, पण शब्द कुणाला कळले नाहीत. आत मुकाशनं पुस्तकांच्या फळीवरून एक जाड पुस्तक काढलं होतं आणि ते सरळ धरायचं की उलटं यावर दोन म्हाताऱ्यांचं जुंपलं होतं.